आरोग्यसखीचे चौऱ्याहत्तर सल्ले

‘माणूस जे खातो, तेच त्याचं मन होतं.’

अखिल मानवजातीला उद्देशून हे वाक्य मी लिहिलं तेव्हा माझ्या उजव्या हातात पेन होतं आणि डाव्या हातात आदल्या संध्याकाळचा बटाटेवडा. वडा गार होता, त्यामुळे घाई नव्हती. वाक्य आणि वडा एकदमच संपले, आणि दोन्ही दुपारभर घशाशी येत राहिले.

त्यातला वडा तेवढा लवकर निस्तरला. वाक्याचं काय झालं ते मला दीड वर्षानं कराडला समजलं, एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, अंबूआत्याच्या स्वयंपाकघरात.

“सातारा लागत नाही,” आत्या म्हणाली.

तिच्यासमोर टेबलावर चहाची गाळणी पालथी पडली होती. चमच्याचा दांडा ती गाळणीच्या जाळीवर टेकवत होती, उचलत होती, पुन्हा दुसरीकडे टेकवत होती. पातळ व्यवस्थित नेसलेलं, केस विंचरलेले. फक्त एक कान खांद्याकडे कललेला, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा.

“आत्या, मी दिगू. पुण्याहून आलोय.”

“पुणे बिझी आहे. होल्ड करा.”

मी होल्ड केलं. एस.टी.त चार तास उभा राहून आलो होतो. आणखी थोडं उभं राहायला माझी काही हरकत नव्हती.

अंबूआत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं ऑपरेटर होती. कराडात ज्यांच्याकडे म्हणून फोन होता, त्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते. पुढे यंत्रं आली, नंबर चारआकडी झाले, पाचआकडी झाले, तरी लोक रस्त्यात थांबवून तिला नंबर विचारत आणि ती भाजीच्या पिशव्या न ठेवता सांगे. नवी डिरेक्टरी निघाली की पेन्सिल घेऊन बसायची आणि चुका काढायची. लग्न केलं नाही. माझी आई गेल्यावर चौथीपासून मॅट्रिकपर्यंत मी तिच्याकडेच होतो. नंतर मी पुण्याला गेलो आणि तिथे दमलो.

हे दमणं जरा समजावून सांगायला हवं. मी एका दैनिकात उपसंपादक होतो, पंचेचाळीस वर्षांचा. सकाळी चहा, दुपारी चहा आणि वडा, संध्याकाळी चहा आणि कुणाच्या तरी निरोप समारंभाचे वेफर्स. डोक्यात दिवसभर ओल्या गोधडीसारखं काहीतरी असायचं. बातमीचं पहिलं वाक्य वाचून शेवटापर्यंत येईतो पहिलं विसरायचो. आमच्याकडे बऱ्याच जणांचं तसंच होतं. अंक मात्र रोज निघायचा.

“दादा, आलास?” शैला मागच्या दारानं आत आली. हातात चार पुडांचा डबा आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल. शैला ही आमच्या धाकट्या काकांची मुलगी. दोन गल्ल्या सोडून राहायची. नवरा, सासू, दोन मुलं, नगरपालिकेतली नोकरी आणि वर आत्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण दमण्यात तिनं मला केव्हाच मागे टाकलं होतं.

तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि फाइल माझ्या हातात दिली.

“मलकापूरच्या पुढे आहे तो वृद्धाश्रम. चांगला आहे. मी दोनदा बघून आले. दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात. माझी केलीये. खाली तुझी कर. सोमवारी दहाला गाडी पाठवतायत.”

“एवढ्यात?”

“एवढ्यात? परवा गॅस चालू ठेवून ही अंगणात जाऊन बसली. काडी ओढायची विसरली. त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, तुम्ही कोण, कुठून बोलताय. दादा, मी रजा किती काढू? आणि रजा काढून तरी काय? माझ्या हातचं खात नाही ती. दीड वर्ष मी डबे आणतेय आणि दीड वर्ष ते परत नेतेय.”

“वय झालंय,” मी म्हणालो. असं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

“झालंय ना? मग कर सही.”

मी खिशातून पेन काढलं. आत्या माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, आणि क्षणभर मला वाटलं, झालं, आली ती. पण ती म्हणाली, “तीन मिनिटं झाली. वाढवायचीत का?”

“आधी जेवून घे,” शैला म्हणाली. “उपाशीपोटी असल्या सह्या करू नयेत.”

शैलानं तीन ताटं घेतली. आमटी, भात, गवारीची भाजी, पोळ्या. आत्यानं ताटाकडे पाहिलं आणि दोन बोटांनी ते दूर सारलं. रागानं नव्हे; चुकीचं पार्सल आपल्याकडे आलंय, अशा सभ्यपणानं.

“बघितलंस?” शैला कुजबुजली. “आता बाईचं सुरू होईल.”

“कुठली बाई?”

“तेच तर कळत नाही. हिला कुणी बाई सांगते म्हणे, हे खाऊ नको, ते खाऊ नको. आम्ही विचारलं, कोण बाई, कुठली, तर तोंड घट्ट मिटून बसते. पलीकडच्या निकमकाकू म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, उतारा टाका. मी टाकला पण. हसू नकोस. नारळ, लिंबू, दहीभात. तिठ्यावर ठेवून आले, मागे वळून न बघता. दुसऱ्या दिवशी आत्या मला विचारते, त्या दहीभातात मीठ घातलं होतंस का?”

“मीठ नको,” आत्या एकदम म्हणाली. पाढे म्हणताना लागतो तसा तिचा आवाज लागला. “बाईंनी सांगितलंय. मीठ म्हणजे मेंदूवर चढणारा गंज.”

माझा घास तोंडातच राहिला.

ते वाक्य माझं होतं.

आमच्या दैनिकाच्या मंगळवारच्या पुरवणीत एका खऱ्या डॉक्टरीणबाई आहारावर लिहीत. त्या मुलीकडे परदेशी गेल्या. जागा रिकामी राहिली. संपादकांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि मी त्या वेळी मान खाली घालायला विसरलो. सदराचं नाव ‘ताटातलं मन’, लेखिकेचं नाव ‘आरोग्यसखी’. काय खाल्लं की बुद्धी तल्लख राहते, काय खाल्लं की चित्त मंद होतं, तीनशे शब्दांत सांगायचं. मी जुनी मासिकं, भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजू आणि कँटीनमधल्या गप्पा यांतून मजकूर जमवायचो. कुठल्याही पदार्थाला सरळ बंदी घातली की लेख लवकर संपतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मग मी दर मंगळवारी काहीतरी बंद करत गेलो. मीठ तर दोनदा केलं. पहिल्यांदा केल्याचं मी विसरलो होतो.

“आत्या,” मी हळूच विचारलं, “आणि बटाटा?”

“बटाटा विचारांना जडत्व आणतो. अकरावा.”

“दूध?”

“दूध ही वासराची भाकरी आहे. एकोणिसावा.”

“आणि पाणी...”

“तहान लागायची वाट पाहू नका. दिवसाला बारा ग्लास. सत्तावीस.”

“आणि गहू म्हणजे सुखानं आलेली...”

“...ग्लानी,” आत्यानं पुरं केलं.

शैला एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. “दादा, तुला कसं माहीत ती बाई काय सांगते ते?”

“आमच्या पेपरात येतं,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. खरं बोलण्याच्या जवळपासचं होतं.

“मग ती वही तीच असणार,” शैला म्हणाली. “कुणाला हात लावू देत नाही.”

वही तांदळाच्या डब्यामागे होती. एक्स्चेंजमधलं ट्रंक कॉलचं जुनं कोरं रजिस्टर, लांबट, जाड पुठ्ठ्याचं. आत दर पानावर एक कात्रण, खळीनं चिकटवलेलं, कडेला एकही सुरकुती नाही. एक ते चौऱ्याहत्तर. छापील रकान्यांवर आत्यानं आपली शीर्षकं लिहिली होती: वस्तू, कारण, बंद केल्याची तारीख. मीठ, मेंदूवर गंज, दहा फेब्रुवारी. बटाटा, जडत्व, तेवीस मार्च. दही, दूध, गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणा, साखर, गूळ. अक्षर पहिल्या पानापासून साठाव्यापर्यंत एकसारखं, ओळीत उभ्या केलेल्या मुलांसारखं. साठाव्यानंतर ते हळूहळू ओळीखाली उतरत गेलं होतं. चौऱ्याहत्तराव्या पानावर कात्रण उलटं चिकटवलं होतं. तिथे जुन्या मोटारींची जाहिरात दिसत होती. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: लागत नाही.

मी मागून पुढे हिशेब लावत गेलो. चौऱ्याहत्तर मंगळवारांनंतर खायला काय उरत होतं? तांदळाची बिनमिठाची पेज, पपई, उकडलेला दुध्या आणि कोरा चहा. शिवाय बारा ग्लास पाणी.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. असली सदरं एका भरवशावर चालतात: वाचक आजचा सल्ला वाचतो, कौतुकानं मान हलवतो आणि मागच्या आठवड्याचा विसरतो. सगळे सल्ले एकदम कुणी पाळत नाही. आम्ही ते तसे लिहीतच नाही. आत्या मात्र काही विसरत नसे. तिची स्मरणशक्ती इतकी पक्की होती, की तिनंच तिचा घात केला.

“शैला,” मी म्हणालो, “डॉक्टर मुल्ला अजून बसतात का?”

“चारला उघडतात. कशाला? ते काय करणार? गेल्या महिन्यातच प्रेशरची गोळी लिहून दिलीये.”

“सही मी नंतर करतो.”

“नंतर म्हणजे?” तिचा आवाज चढला. “तू उद्या रात्रीच्या गाडीनं जाणार. मग मी कुणाच्या दारात सही मागू? दादा, तू वर्षातून एकदा येतोस आणि तुला डॉक्टर आठवतात. खोली सोमवारपर्यंतच धरलीये त्यांनी. ती गेली तर दुसरी मिळायला वर्ष लागेल. वर्षभर मी नाही करू शकणार, स्पष्ट सांगते.”

ती रडत नव्हती. रडायला बसावं लागतं, आणि तिला आमटीची भांडी घासायची होती.

“सोमवारी दहाच्या आत करतो,” मी म्हणालो. “शब्द.”

डॉक्टर मुल्ला तेव्हा पंच्याहत्तरीचे होते. दवाखाना तोच, खुर्ची तीच. आत्याला पाहून उठून उभे राहिले. “या, अंबूताई. ओळखलंत का?”

“नंबर सांगा,” आत्या म्हणाली.

“दोनशे चौदा.”

आत्यानं डोळे मिटले. ओठ हलले, पण काही आलं नाही. डॉक्टरांचा चेहरा पडला. ते खाली बसले आणि मी पुढे केलेलं रजिस्टर उघडून वाचू लागले. पाच-सात पानं शांतपणे वाचली. मग चष्मा काढला.

“ही आरोग्यसखी म्हणजे कोण नालायक बाई आहे?”

मी भिंतीवरचं डोळे तपासायचं अक्षरपत्रक वाचू लागलो.

“तुम्ही पेपरात आहात ना? पत्ता मिळेल का हिचा? मला हिला पत्र घालायचंय.”

“चौकशी करतो,” मी म्हणालो.

“माझंही चुकलंच,” ते आत्याची नाडी बघत म्हणाले. “मी प्रेशरची गोळी दिली. ती गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढते. पोटात मीठ जातच नाही हे मी विचारलं नाही. कराडात कुणी आमटीत मीठ घालत नसेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. वरून पाणी किती? बारा ग्लास! अहो, बटाट्याच्या भाजीत मीठ कमी झालं तर आपण ताट सारतो. हिच्या मेंदूत कमी झालंय.”

“पण वय?” शैलानं विचारलं.

“वय झालंय. सगळ्यांचं होतं. पण वय असं महिन्याभरात होत नाही, बेटा. महिन्याभरात होतं त्याचं दुसरं काहीतरी नाव असतं.”

रक्त तपासायला दिलं. सहा वाजता कागद आला. रक्तातलं मीठ एकशे चौदा.

“किती पाहिजे?” मी विचारलं.

“एकशे पस्तीस तरी. चालत आली हेच नवल आहे. आत्ता भरती करा. आणि मीठ एकदम चढवायचं नसतं, हळूहळू. बुधवारपर्यंत थांबा. उतार पडला तर पडला. नाही पडला तर सही करा, मी नाही म्हणणार नाही.”

रविवारी काहीच झालं नाही. आत्या पलंगावर पडून बाटलीतून पडणारे थेंब मोजत होती आणि मधूनच म्हणत होती, “कोल्हापूर, बोला.” मी बाकड्यावर बसून होतो. शैला सकाळी येऊन गेली, दुपारी येऊन गेली, वृद्धाश्रमाला फोन करून आली. ते गुरुवारपर्यंत थांबायला तयार झाले होते. त्यानंतर पुढच्या माणसाचा नंबर होता. पेन माझ्या खिशात होतं आणि फाइल शैलाच्या पिशवीत.

सोमवारी सकाळी दहा वाजता, ज्या वेळी गाडी येणार होती त्या वेळी, आत्यानं डोळे उघडले आणि मला म्हणाली, “दिग्या, किती वाळलायस. कधी आलास?”

“शनिवारी.”

“मग मला उठवायचं नाही का?” आणि पुन्हा झोपली.

मी बाहेर आलो. पॅसेजमध्ये शैला डबा घेऊन उभी होती. तिनं दारातून ऐकलं होतं. ती भिंतीला टेकली आणि डबा पोटाशी धरून राहिली.

“मला वाटायचं, माझ्या हातचं तिला नको,” ती म्हणाली. “सासूबाई तर म्हणायच्या, तुझी भाजी खाऊन कुणाला वेड लागेल तर नवल नाही. दीड वर्ष मी वेगवेगळ्या भाज्या करून बघितल्या, दादा. त्या बाईच्या एकदा सणसणीत कानाखाली वाजवायचीय मला.”

दीड वर्षात मी चौऱ्याहत्तर लेख लिहिले होते, पण दोन शब्दांचं हे वाक्य जुळवायला मला पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन यावं लागलं.

“वाजव,” मी म्हणालो. “मीच ती.”

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं: डॉक्टरीणबाई, संपादक, कॅलेंडरांच्या मागच्या बाजू, वडा. ती ऐकत राहिली. मी कानाखालच्या आवाजाची वाट बघत होतो. समोरून सलाइनची रिकामी बाटली घेऊन एक नर्स गेली.

“म्हणजे,” शैला सावकाश म्हणाली, “मी तिठ्यावर जो नारळ टाकला, तो तुझ्यासाठी टाकला.”

“हो.”

“तरी उतरला नाहीस.”

“नाही.”

“आता सरक जरा,” ती म्हणाली आणि बाकड्यावर बसली. मग तिनं डबा उघडला आणि पोळीभाजी माझ्यापुढे केली. “खा. तू पण काही बरा दिसत नाहीस.” मी खाल्लं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी बसून, सावकाश, सकाळी शिजवलेलं सकाळीच खात होतो. गोधडी लगेच उतरली असं म्हणणार नाही. पण तिचा एक कोपरा वर झाला.

बुधवारी आत्या घरी आली. कागदावर एकशे तेहतीस होते. डॉक्टर मुल्ला दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा तिनं त्यांना दोनशे चौदा आणि त्यानंतरचे त्यांचे तिन्ही नंबर म्हणून दाखवले, आणि नव्या डिरेक्टरीत त्यांचं आडनाव चुकीचं छापलंय हेही सांगितलं. शैला फाइल घेऊन वृद्धाश्रमात गेली, खोली सोडल्याचं सांगायला. जाताना आत्याला म्हणाली, “खोलीला खिडकी छान होती हं, आत्या.”

“मग तू जा,” आत्या म्हणाली.

आम्ही दोघंच उरलो. मी तिला पेज दिली, मीठ घालून. तिनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटून तसाच ठेवला. मी दुसरीकडे बघितलं. कुणी मिठाची चव घेत असताना असं टक लावून बघू नये.

“आत्या,” मी म्हणालो, “ती आरोग्यसखी आता लिहिणार नाही. बंद होतंय सदर.”

“का? बदली झाली?”

“नाही. तिला... तिला त्यातलं काही कळत नाही.”

“ते मला तिसऱ्या लेखापासून माहीत आहे.”

ती पेज ढवळत होती.

“पोह्यांवर होता तो,” ती म्हणाली. “पोहे भिजवून झाकून ठेवावेत आणि मधेच उघडून बघू नये, ते लाजतात. दिग्या, हे जगात दुसरं कोण लिहील? तू चौथीत होतास, सारखं झाकण उचलायचास, म्हणून मी सांगितलं होतं तुला.”

“तुला माहीत होतं? मग शैलाला सांगायचं नाहीस? कोण बाई, कोण बाई म्हणून ती विचारत होती. उतारा टाकेपर्यंत गप्प राहिलीस?”

“तू बाईच्या नावानं लिहितोस म्हणजे तुझी काहीतरी अडचण असणार. मी कशाला फोडू? एकोणतीस वर्षं लाईनवर बसले. लाईनवर ऐकलेलं लाईनवरच ठेवायचं असतं. डोकं ठिकाणावर नसलं तरी.”

“आणि मला काही कळत नाही हे माहीत असून तू ते सगळं पाळत राहिलीस?”

तिनं चमचा वाटीत ठेवला. उत्तर जुळवायला तिला वेळ लागत होता, पण आता लाईन लागत होती.

“तुझं दिवाळीला कार्ड यायचं,” ती म्हणाली. “छापील. खाली सही. बरं असायचं. मग हे सुरू झालं. दर मंगळवारी सकाळी, सात वाजता, दारात. पाणी प्यायलात का? दुपारचं जेवण वेळेवर घेताय ना? एकट्यानं जेवताना घाई करू नका. आता कुणीतरी एवढं विचारतंय, आणि आपण ऐकायचं नाही...” ती थांबली. “मीठ मात्र जड गेलं रे. दुसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा मला वाटलं, मी चोरून खाल्लेलं तुला कळलं की काय.”

बाहेर निकमकाकूंच्या कुकरची शिट्टी झाली. मला त्या दिवसांत कशानंच रडू येत नसे, तेवढी ताकदच नसायची. तेव्हाही आलं नाही. ज्या ‘एकट्यानं जेवताना’ या वाक्याबद्दल ती बोलत होती, ते मी जागा भरायला चार ओळी कमी पडत होत्या म्हणून टाकलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. लाईनवरच ठेवलं.

“मी पत्र लिहीत जाईन,” मी म्हणालो.

“तू? पत्र?” ती पहिल्यांदाच मोकळी हसली. “राहू दे. तुला छापायची घाई असल्याशिवाय अक्षर फुटत नाही. लेखच लिही. मी पाळणार नाही आता, डॉक्टरांना शब्द दिलाय. नुसता वाचीन.”

“काय लिहू?”

“काहीही लिही. तुला कुठे कळतंय.” तिनं वाटी माझ्यापुढे सरकवली, आणखी वाढ म्हणून. मग आवाज जरा खाली आणला. “फक्त एक कर. शैलापण आता वाचणार म्हणालीये, आणि डबा तीच आणणार. तेवढं शेपूबद्दल काही चांगलं लिहू नकोस.”